कितीला?

आजी बुधवारच्या बाजारात भाजी घेऊन बसायची. कृष्णाकाठचं गाव, चिंचेखालची तिची ठरलेली जागा, पुढ्यात गोणपाट, त्यावर शेपूच्या जुड्या आणि वांग्यांचे वाटे. सुट्टीत आजोळी गेले की मी तिच्या मागे बसून तागडीची वजनं पुसून ठेवायची. पहिलं गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं की आजी ते पैसे कपाळाला लावायची, "भवानी झाली" म्हणायची आणि गोणपाटाच्या कडेखाली सरकवायची. मग दिवसभर माणसं यायची, वाकायची, वांग्याचं देठ निरखायची आणि विचारायची, "कितीला?" हा शब्द इतक्यांदा कानावर पडला, की त्यात व्याकरण असतं हे कधी मनातच आलं नाही. ते कळलं तीसेक वर्षांनी, इस्तंबूलच्या एका बाजारात उभं राहिल्यावर.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे राहायला आलो. घर आशियाकडच्या किनाऱ्यावर, कादकोयला. ‘कादऽ’ म्हणजे काझी आणि ‘कोय’ म्हणजे गाव, असं हे काझीचं गाव. आल्या आल्या तुर्कीच्या वर्गात नाव घातलं. पुस्तकातला तिसरा की चौथा धडा खरेदीचा होता. त्यातलं पहिलं वाक्य ‘बू ने कादार?’, म्हणजे ‘हे केवढ्याचं?’ मी ते घोकून मंगळवारच्या बाजारात गेले. पावट्यासारख्या शेंगांच्या एका ढिगापुढे थांबून वाक्य म्हणणार, तेवढ्यात शेजारच्या बाईने पिशवी पुढे करत एकच शब्द टाकला.

"काचा?"

(यातला ‘च’ चहातला आहे, चमच्यातला नाही.)

भाजीवाला म्हणाला, "एल्ली." पन्नास. बाईने मान हलवली, व्यवहार झाला. मी घरी येऊन शब्दकोश काढला. ‘काच’ म्हणजे किती. त्याला ‘आ’ कुठून चिकटला हे शोधत प्रत्ययांच्या तक्त्यापाशी पोचले. तिथे लिहिलं होतं: ‘आ’ किंवा ‘ए’, दिशा दाखवणारा प्रत्यय, बाजाराला, घराला, मुलाला. काच अधिक आ. किती अधिक ला.

त्या क्षणी स्वयंपाकघरात मी मोठ्याने म्हटलं, "कितीला!"

मला वाटतं, मी तुर्की शिकायला लागले ती त्या दिवसापासून. ‘ने कादार’ मी पाठ केलं होतं, ‘काचा’ मला आधीपासून येत होतं. ‘काचा आल्दन?’ म्हणजे ‘कितीला घेतलंस?’ ‘एल्ली लिराया आल्दम’ म्हणजे ‘पन्नास लिरांना घेतलं.’ किंमत सांगताना पैशाला विभक्तीचा प्रत्यय लावायचा ही सवय आपल्या जिभेला जन्मापासून आहे. इंग्रजीच्या वाटेने जो तुर्कीकडे येतो त्याला ही गोष्ट नव्याने शिकावी लागते. आपल्याला फक्त आठवावी लागते.

शाळेत आम्ही विभक्तीचा तक्ता ओरडून म्हणायचो: स-ला-ते, ने-ए-शी, ऊन-हून, चा-ची-चे, त-ई-आ. त्याचा पुढे कशाला उपयोग होईल असं तेव्हा वाटत नव्हतं. तुर्की मुलंही शाळेत विभक्त्या त्यांच्या प्रत्ययांच्याच नावांनी ओळखतात: ‘इ’ची, ‘ए’ची, ‘दे’ची, ‘देन’ची. पाझार म्हणजे बाजार, हे तर सांगायलाच नको. पाझारा म्हणजे बाजाराला, पाझार्दा म्हणजे बाजारात, पाझार्दान म्हणजे बाजारातून. ‘पाझारा गिदियोरूम’, बाजाराला चालले. क्रियापद शेवटी, मधे कर्म, सगळं आपल्याच जागी. वर्गात माझ्या शेजारी एक स्पॅनिश मुलगी बसायची. ‘मला हवंय’ हे वाक्याच्या शेवटपर्यंत राखून ठेवायचं म्हणजे तिला श्वास कोंडल्यासारखं व्हायचं. माझा श्वास मोकळा होता.

पण सारखेपणात रमले आणि एका फरकाकडे माझं बराच काळ लक्ष गेलं नाही, आणि आता तोच मला सगळ्यात आवडतो. मराठीत प्रत्यय लागताना शब्द वाकतो. घोडा, पण घोड्याला. पाणी, पण पाण्यात. ‘ला’ मात्र आहे तसाच राहतो, राजाला आणि रंकाला सारखाच. तुर्कीत उलटं आहे. शब्द बहुतेक वेळा जसाच्या तसा उभा राहतो आणि प्रत्यय त्याच्याकडे बघून स्वतःचा सूर बदलतो. पाझार या शब्दात ‘आ’ आहे म्हणून ‘पाझार्दा’. एव म्हणजे घर, त्यात ‘ए’ आहे म्हणून ‘एव्दे’. बाजारातून ते ‘पाझार्दान’, घरातून ते ‘एव्देन’. अनेकवचनाचंही तेच: एल्मा म्हणजे सफरचंद, सफरचंदं ती ‘एल्मालार’, बिबेर म्हणजे मिरची, मिरच्या त्या ‘बिबेर्लेर’. तोंडाच्या मागच्या भागातले स्वर मागच्यांबरोबर, पुढचे पुढच्यांबरोबर. याला स्वरमेळ म्हणतात. नियम म्हणून वाचला तेव्हा किचकट वाटला होता. बाजारात कानांनी ऐकला तेव्हा कळलं की एकदा शब्दाचा सूर लागला की जीभ दुसरं काही म्हणूच शकत नाही. घासाघीस दोन्ही भाषांत होते. मराठीत शब्द नमतं घेतो, तुर्कीत प्रत्यय घेतो.

लिपीचं थोडं सांगायला हवं. तुर्की आज रोमन लिपीत लिहितात. १९२८ सालच्या नोव्हेंबरात कायदा झाला आणि अरबी लिपी जाऊन २९ अक्षरांची नवी वर्णमाला आली. त्यात डोक्यावर टिंब नसलेला एक ‘आय’ आहे. त्याचा उच्चार ‘इ’ही नाही आणि ‘अ’ही नाही, ओठ न गोल करता ‘उ’ म्हणायचा प्रयत्न केला की तो निघतो. देवनागरीत मी तो ‘अ’ने लिहिते आणि शब्दाच्या शेवटी आला तर अवग्रह देते. म्हणून वरती ‘कादऽ’.

बाजारात बोलायला लागले तशी पहिली मोठी चूक पनीरवाल्यापुढे झाली. पेयनिर म्हणजे आपलं पनीर नव्हे, चीजच्या सगळ्या जातींना मिळून हे नाव आहे. त्याच्या टेबलावर पंधरा-वीस तरी प्रकार होते: पाण्यात ठेवलेलं पांढरं, पिवळं काशार, दोऱ्यासारखं वळलेलं. मी म्हटलं, "पेयनिरी इस्तियोरूम." तो हातातली सुरी तशीच धरून वाट बघत राहिला. मग म्हणाला, "हांगी पेयनिरी?" कुठलं?

मला फक्त ‘चीज हवंय’ म्हणायचं होतं. त्यासाठी ‘पेयनिर इस्तियोरूम’ पुरलं असतं. शेवटी ‘इ’ लावला की अर्थ होतो ‘ते चीज’, आपल्या दोघांना ठाऊक असलेलं, ज्याबद्दल आधीच बोलणं झालंय ते. एका ‘इ’ने मी त्या अनोळखी माणसाबरोबर एक जुनी ओळख गृहीत धरली होती. मराठीत निर्जीव वस्तूला आपण कर्माचा प्रत्यय सहसा लावतच नाही. ‘पनीर घेतलं’ म्हणतो, मग कुठलंही असो, म्हणून हा फरक मला बाहेरून शिकावा लागला. आता त्याच पनीरवाल्याकडे दर आठवड्याला जाते. तो विचारतो, "पेयनिरी वेरेयिम मी?" ते चीज देऊ का? तो ‘इ’ आता खरा झालाय.

आणि हे ‘वेरेयिम मी’! बाजारातल्या तुर्कीत मला याहून गोड काही नाही. ‘वेर्’ म्हणजे दे. ‘वेरेयिम’ म्हणजे देऊ. ‘मी’ म्हणजे आपलं वाक्याच्या शेवटचं ‘का’. बिर किलो वेरेयिम मी? एक किलो देऊ का? शब्दाखाली शब्द बसतो. तार्तायम मऽ? तोलू का? ‘देऊ’, ‘तोलू’, ‘बांधू’ ही आपल्याकडची रूपं इतकी लहान आहेत, की त्यात दुसऱ्याची परवानगी मागण्याची केवढी अदब भरली आहे हे लक्षात येत नाही. त्याच ‘का’ने ‘आहे का’ही विचारता येतं. दोमातेस वार मऽ? टोमॅटो आहेत का? वार, आहेत. योक, नाहीत. ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन शब्दांवर अख्खा बाजार चालतो, इथे आणि तिथेही.

दुकानात पाऊल टाकलं की दुकानदार म्हणतो, "बुयुरून." शब्दशः आज्ञा करा. पुस्तकात त्याचे चार-पाच अर्थ दिलेत. मी म्हणेन, आपला किराणावाला ‘बोला’ म्हणतो ना, अगदी ते. बोला ताई, काय देऊ? ताईसाठी इथे ‘आब्ला’ आहे, दादासाठी ‘आबी’. आईची बहीण ‘तेयझे’, वडिलांची बहीण ‘हाला’. आईचा भाऊ ‘दायऽ’, वडिलांचा ‘आम्जा’. मावशी वेगळी, आत्या वेगळी, मामा वेगळा, काका वेगळा. आणि बाजारातल्या अनोळखी वयस्कर बाईला हाक मारायची तर आत्या नाही, मावशीच. तेयझे. हे कुणी ठरवलं असेल? आपणही भाजीवालीला मावशीच म्हणतो. आईच्या बाजूची माणसं दोन्हीकडे जास्त जवळची वाटतात, एवढंच मला सुचतं.

नात्याच्या या शब्दांबरोबर ‘तू’ येतो. पुस्तकाने मला ‘सिझ’ म्हणजे ‘तुम्ही’ शिकवलं होतं आणि मोठ्या दुकानांत ते चालतंही. बाजारात मात्र ‘गेल आब्ला, गेल’, ये गं ताई, ये. अपमान वाटण्याऐवजी मला पहिल्यांदा घरात घेतल्यासारखं वाटलं.

लिंगाचं सांगते. तुर्कीत लिंग नाही. तो, ती, ते या तिघांना मिळून एकच ‘ओ’. ताझे म्हणजे ताजं. भाजी ताझे, मासा ताझे, दूध ताझे, विशेषणाला फिकीर नाही. ‘आलयोरूम’ म्हणजे घेतेय किंवा घेतोय. मराठीत तोंड उघडून एक क्रियापद म्हटलं की मी बाई आहे हे जगाला कळतं. सुरुवातीला मला काहीतरी अंगावरून गळून पडल्यासारखं वाटायचं, आणि ते हलकंही होतं आणि थोडं पोरकंही. संध्याकाळी आईला फोन केला की पहिल्या ‘आले गं’बरोबर मी पुन्हा माझी व्हायची.

मापांच्या बाबतीत मात्र मराठीचा अभिमान वाटतो. तुर्कीत अर्ध्याला ‘यारम’ आणि ‘दीड’साठी ‘बिर बुचुक’, एक आणि अर्धा. अडीच म्हणजे ‘इकी बुचुक’, तिथेच संपलं. सव्वा, पाऊण, दीड, अडीच, साडेतीन ही आपली श्रीमंती मी वर्गात फळ्यावर लिहून दाखवली तेव्हा शिक्षिका बराच वेळ बघत राहिल्या. पण त्यांच्याकडे ‘ताने’ आहे. नगावर मोजायचं तर ‘बेश ताने लिमोन’, पाच लिंबं. ताने म्हणजे फारसीतला दाणा, आपला दाणा. जुडी म्हणजे ‘देमेत’. आणि संख्येनंतर अनेकवचन नाही, पाच म्हटल्यावर पुन्हा ‘अनेक’ कशाला सांगायचं!

एकदा असे शब्द दिसायला लागले की थांबवत नाहीत. दुकान ते ‘दुक्क्यान’, हिशोब तो ‘हेसाप’, तराजू ती ‘तेराझी’. फळं म्हणजे ‘मेयवे’, आपल्या मेव्याचा भाऊ. ‘कार्पुझ’ ऐकून मी खरबूज समजले आणि हातात कलिंगड आलं. शब्द एकच, फळ रस्त्यात बदललं. नारळाला ‘हिन्दिस्तान जेविझी’, हिंदुस्थानचा अक्रोड, म्हणतात. एका दुकानात ते नाव वाचून मी नारळ घेतला आणि घरी जाईपर्यंत पिशवीत न ठेवता हातातच धरला. वांग्याचा प्रवास सगळ्यात लांबचा: संस्कृतातलं ‘वातिंगण’ फारसीत गेलं, तिथून अरबीत, आणि इथे पोचेपर्यंत ‘पात्लजान’ झालं. आजीच्या गोणपाटावरचं वांगं आणि हे पात्लजान एकाच वेलीवरचे शब्द आहेत.

उलट दिशेनेही काही आलं. माल विकणाऱ्याला तुर्कीत वस्तूच्या नावापुढे ‘जी’ किंवा ‘ची’ लावतात. पेयनिर्जी, बालकचऽ म्हणजे मासेवाला. हा ‘ची’ आपल्याकडे मशालची, खजानची, तोपची या शब्दांत बसलेला आहे. तोफेला तुर्कीत ‘तोप’च म्हणतात. विजापूरच्या बुरुजावर जी मुलूख-ए-मैदान तोफ आहे ती १५४९ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ओतली गेली आणि ओतणाऱ्याचं नाव मुहम्मद बिन हुसेन रूमी. रूमी म्हणजे या, मी आज राहते त्या, मुलखाकडचा. तो नगरच्या बाजारात भाव कोणत्या भाषेत विचारत असेल, याचा मी कधीकधी विचार करते.

ज्यांच्याकडून मी सगळ्यात जास्त शिकले त्या तेयझेबद्दल आता लिहिते. साठी ओलांडलेली, डोक्याला फुलांचा रुमाल, शहराबाहेरच्या गावातून पालेभाजी घेऊन येते. तिच्याकडे पाट्या नाहीत, भाव विचारावाच लागतो. बरं झालं, नाहीतर मी नुसतं वाचून घेतलं असतं. तिने मला पहिल्यांदा शिकवलं ते काम करणाऱ्या माणसाला म्हणायचं ‘कोलाय गेल्सिन’: सोपं येवो. ‘सिन’ लागला की क्रियापदाचा आशीर्वाद होतो. बेरेकेत वेर्सिन, बरकत देवो, हे विकणारा पैसे घेताना म्हणतो. नवी वस्तू घेतली तर हायरलऽ ओल्सुन, लाभो. शंभर ग्रॅम जास्त भरलं, तर गिऱ्हाइकाने म्हणायचं ‘ओल्सुन’, असू दे. सुटे पैसे नको असतील तर ‘उस्तू काल्सन’, वरचे राहू दे. काही घ्यायचं नाही असं ठरलं तर नुसतं ‘काल्सन’. राहू दे. नकार देण्याची याहून सभ्य रीत मला कुठल्या तिसऱ्या भाषेत सापडलेली नाही. ‘नको’ माणसाला लागतो. ‘राहू दे’ भाजीला तिच्या जागी ठेवतो.

या देशात भाव विचारणं ही साधी गोष्ट राहिलेली नाही. २००५ च्या जानेवारीत लिरावरची सहा शून्यं एकदम काढली होती. दहा लाखाची एक लिरा झाली. जुनी माणसं त्यानंतरही कितीतरी काळ ‘मिल्योन’ म्हणत राहिली. पुन्हा २०२२ च्या ऑक्टोबरात महागाईचा सरकारी आकडा ८५ टक्क्यांवर गेला. मागच्या मंगळवारचा भाव या मंगळवारी विचारायला लाज वाटावी, असे ते दिवस होते. एका सकाळी तेयझे जुड्यांवर पाणी शिंपडत म्हणाली, "माझोता झाम गेल्मिश."

डिझेलला वाढ आली म्हणे.

हा ‘मिश’ म्हणजे आपलं ‘म्हणे’. ‘गेल्दी’ म्हणजे आली, मी पाहिली. ‘गेल्मिश’ म्हणजे आली असं ऐकलं, किंवा खुणांवरून कळलं. ‘बित्मिश’ म्हणजे संपलंय वाटतं. स्वतः पाहिलेलं आणि कानावर आलेलं, यांतला भेद तुर्की क्रियापदाच्या पोटातच ठेवते. आपण ‘म्हणे’ बाहेरून जोडतो, न जोडलं तरी चालतं. इथे तुम्हाला प्रत्येक वेळी सांगावंच लागतं की तुम्ही साक्षीदार आहात की नाही.

ते मला कळलंय अशा समजुतीत मी तिला आजीबद्दल सांगायला गेले. आईच्या आईला इथे ‘आन्नेआन्ने’, आई-आई, म्हणतात. मी म्हटलं, "आन्नेआन्नेम पाझार्दा सेब्झे सातार्मश." माझी आजी बाजारात भाजी विकायची. जुन्या काळचं, लांबचं, गोष्टीतलं म्हणून मला ‘मश’ बरा वाटला होता.

तेयझेचा हात थांबला. "सेन गोर्मेदिन मी?" तू पाहिलं नाहीस?

"गोर्दुम," मी म्हटलं. पाहिलंय.

"मग ‘सातार्दऽ’ म्हण," ती म्हणाली, आणि पुन्हा जुड्या बांधायला लागली.

घरी चालत येताना मी ते वाक्य दोन-तीनदा म्हटलं. आन्नेआन्नेम पाझार्दा सेब्झे सातार्दऽ. पहिल्या वाक्यात मी आजीला ऐकीव करून टाकलं होतं. कुणीतरी सांगितलेली, असेल किंवा नसेल अशी. एक प्रत्यय बदलला आणि ती चिंचेखाली येऊन बसली, तागडी उचलली, मी मागे वजनं पुसत होते. मी पाहिलंय. आजीला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तिच्यासाठी मी त्या दिवशी रडले ते इस्तंबूलच्या फुटपाथवर, एका क्रियापदामुळे.

गेल्या वसंतात आई आली. ती पहिल्यांदाच परदेशी येत होती. तिला राजवाडा, मशिदी, साठाच्या वर गल्ल्यांचा तो छपराखालचा मोठा बाजार, सगळं दाखवलं, तिने सगळं बघितलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "तुझी ती भाजीवाली कधी बसते?"

मंगळवारी सकाळी लवकर निघालो. बाजार अजून मांडला जात होता. ताडपत्र्या ताणल्या जात होत्या, खोकी उघडत होती. एक पोरगा ‘सेच्मेजे, सेच्मेजे’ ओरडत होता. निवडून घ्या, असं त्याचं म्हणणं. आईला अर्थ सांगितल्यावर ती खूष झाली. तेयझेच्या पुढ्यात ती थेट खाली बसली, जशी गावाकडे बसते तशी.

"अगं, हा शेपू!" तिने एक जुडी उचलून वास घेतला. "आणि ही बघ, घोळ. घोळूची भाजी! इथे कशी आली?"

शेपूला इथे ‘देरेओतू’ म्हणतात, ओढ्याचं गवत. घोळ म्हणजे ‘सेमिझोतू’, लठ्ठ गवत. दह्यात कालवून खातात. आईने घोळीचं एक जाड पान अंगठ्याने दाबून पाहिलं. तेयझेने तिच्याकडे बघितलं, ढिगाच्या तळातून हात घालून जास्त कोवळी काढली आणि पुढे केली. दोघींमधे अजून एक शब्द झाला नव्हता.

"काचा?" मी विचारलं.

"म्हणजे?" आई.

"कितीला."

"मग तसंच म्हण की."

तेयझेने भाव सांगितला. मी अर्धा किलो घोळ आणि शेपूच्या दोन जुड्या घेतल्या आणि नोट आईच्या हातात दिली, तिने द्यावी म्हणून. तेयझेने ती दोन्ही हातांत घेतली. हनुवटीला लावली. मग कपाळाला लावली. डोळे क्षणभर मिटून म्हणाली, "सिफ्ताह सेन्देन, बेरेकेत आल्लाह्तान." आणि नोट आतल्या खिशात न टाकता, मांडलेल्या कापडाची कड उचलून तिच्याखाली सरकवली.

हे वाक्य मला वर्गात भेटलं असतं तर मी त्यातला पंचमीचा प्रत्यय दाखवला असता: ‘सेन’मधे ‘ए’ म्हणून ‘देन’, ‘आल्लाह’मधे ‘आ’ म्हणून ‘दान’, आणि ‘ह’च्या शेजारी ‘द’चा ‘त’. स्वरमेळाचा सगळा धडा एका वाक्यात. आईला मी तेवढाच अर्थ सांगायला तोंड उघडलं. पहिली विक्री तुझ्याकडून, बरकत...

आईने मला हाताने थांबवलं. ती कापडाच्या त्या कडेकडे बघत होती.

"भवानी झाली तिची," ती म्हणाली.

तेयझे आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती. काही चुकलं का, हे तिला कळत नव्हतं. आईने गुडघ्यावर हात ठेवून जरा सावरून बसत पदराने तोंड पुसलं. मग शेपूच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

"अजून एक जुडी घे म्हणावं. आणि घोळही अर्धा किलो."

"बिर देमेत दाहा," मी म्हटलं. "यारम किलो दा बुन्दान."

"वेरेयिम आब्ला," तेयझे म्हणाली. देऊ गं. आणि तागडीत घोळ भरू लागली.